सातवा रिकामा आला

घर भाड्याने बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, नोकरी, काही म्हणजे काही विचारलं नाही. "डोळे मिटा आणि हात पुढे करा," एवढंच म्हणाले. मी दारातच उभी. एकटी बाई, धुळ्याच्या देवपुरातलं अनोळखी घर, बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन, आणि समोर बंडी-पायजम्यातला उंच, वाकलेला म्हातारा सांगतोय डोळे मिटा. मी काय डोळे मिटते! अर्धवट मिटले. त्यांनी माझ्या तळहातावर काहीतरी गार, गुळगुळीत ठेवलं, ते उचलून दुसरं ठेवलं आणि विचारलं, "जड कोणतं?" मी म्हटलं, पहिलं. "वरची खोली तुमची," ते म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. मी जळगावची. शाळेतली नोकरी धुळ्याला लागली म्हणून आले, नाहीतर पांझरा नदीच्या काठावर येऊन राहायची मला काही हौस नव्हती. हे मी नानांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, हौसेनं धुळ्यात कोणीच राहत नाही, तरी गाव भरलेलं आहेच ना.

माझ्या हातावर ठेवलेली ती दोन यंत्रं म्हणजे त्यांचे टच. दिसायला मोबाइलसारखे, काचेवर बोट फिरवलं की चालणारे. पण मोबाइल नव्हेत. त्यावर गाणी ऐकायची, फोटो बघायचे, आणि बस. सिमकार्ड घालायला जागाच नाही. नानांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. कंपनीने टचची नवी पिढी काढली की तो ती बापाला द्यायचा. मी राहायला गेले तेव्हा नानांकडे सहा होते. गल्लीतल्या कोणी "नानांचे मोबाइल" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मोबाइल कुठे शे? टच शे," असं अहिराणीत म्हणून ते दार लावून घ्यायचे. बाकी कशाला त्यांना राग आलेला मी पाहिला नाही. वरच्या टाकीतून पाणी वाहून त्यांची भिंत ओली झाली तरी हूं की चूं नाही.

रविवारी दुपारी जेवण झालं की बाजेवर धुतलेली चादर अंथरायची, तिच्यावर टच वयाप्रमाणे ओळीने मांडायचे, आणि एकच गाणं एकाच इअरफोनने सगळ्यांवर ऐकायचं, असा त्यांचा नेम होता. मी तावडीत सापडले की मलाही बसावं लागे. कपडे वाळत घालायला खाली आले आणि तासभर अडकले, असं कितीदा झालं. चरफडायचे मनातल्या मनात. पण वर जाऊन तरी मला कोण भेटणार होतं?

पहिला मुका, ते सांगायचे. पाठ स्टीलची, तोंड दिसेल अशी चकचकीत, आणि त्याच्यावर वापरून वापरून इतके ओरखडे की आता त्यात निम्मंच तोंड दिसायचं. त्याला स्पीकर नाही. आवाज कमी करायचं बटणसुद्धा नाही. गप बस म्हणायला आधी त्याला जागं करावं लागतं. दुसऱ्याला वाचा फुटली. बारीक आवाज, पण स्वतःचा. त्याची पाठ फुगीर, म्हणून टेबलावर ठेवला की डुलायचा, आणि नाना मुद्दाम त्याला बोटाने टिचकी मारायचे. तिसऱ्यावर त्यांचा भारी राग. दिसायला थेट दुसराच, आतून जरा चपळ. "नवं सांगीसन जुनंच दिन्हं," असं म्हणून ते त्याला ओळीत थोडा मागे सरकवून ठेवत. चौथ्याला कान आणि डोळे आले, म्हणजे माइक आला आणि कॅमेरा आला. पाचवा लांबोडका, निळा, आणि त्याच्या पाठीला दोरी अडकवायची सोय. ती दोरी मनगटात घालून नाना भाजी आणायला जायचे. सहाव्याची ती सोय कंपनीने काढून टाकली, ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं. धरायला काहीतरी पाहिजे माणसाला, असं त्यांचं म्हणणं.

"आणि प्रत्येक नवा आधीच्यापेक्षा हलका," ते म्हणायचे. हे मात्र ते कौतुकाने म्हणतात की तक्रारीने, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

एकदा मी वैतागले. म्हटलं, नाना, शेवटी सगळ्यांवर गाणं तेच वाजतं ना? मग काय एवढं घेऊन बसलात! ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी सगळे टच पुन्हा एकदा नीट ओळीत लावले आणि मला ते कसे आले ते सांगितलं. पहिला मुलगा स्वतः घेऊन आला, आणि इअरफोन त्याने स्वतःच्या हाताने बापाच्या कानात घातला. दुसरा आणि तिसराही त्यानेच आणला, त्याची आई तेव्हा त्याच्यासाठी साक्रीच्या बाजारातून तांदूळ मागवून ठेवायची. चौथ्याच्या वेळी तो श्रावणात आला होता, बायकोला आणि लहान लेकाला घेऊन. पाचवा आईच्या दहाव्याला बॅगेतून निघाला. सहावा पारोळ्याच्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर आला, त्याने तो दारातून दिला, पाणीसुद्धा प्यायला नाही. सगळ्यांत गाणी मात्र मुलाने भरलेली असायची. बापाला काय आवडतं ते बघून, एकेक निवडून.

मी त्या दिवशी कपडे वाळत घालायचे विसरले.

नानांकडे फोन नव्हता. घरातला जुना फोन त्यांनी बायको गेल्यावर कापून टाकायला लावला होता. मुलगा माझ्या नंबरवर फोन करायचा, महिन्या-दोन महिन्यांनी, रविवारी संध्याकाळी. मी जिन्यातून ओरडायचे, नाना, फोन! ते खालूनच म्हणायचे, "सांग, बरं शे." मी सांगायचे, बरं आहे. पलीकडून तोही म्हणायचा, बरं. झालं बोलणं! असल्या बापलेकांच्या मधे उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. आणि गंमत म्हणजे हा माणूस आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात होता. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. धुळ्याच्या अर्ध्या लोकांची लग्नं आणि मयती त्यांच्या हातून गेल्या होत्या.

मी एकदा स्पष्टच विचारलं की फोनशी एवढं काय वाकडं आहे? त्यांनी सांगितलं ते मी विसरलेले नाही. "बाई, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असायचं. मी नंबर लावायचो. पलीकडे घंटी वाजतेय, वाजतेय, कोणी उचलत नाही. ती घंटी मला ऐकू यायची, त्याला नाही. त्याला मी फक्त सांगायचो, उत्तर मिळत नाही. किती लोकांना सांगितलं असेल! कोणाचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलंय." मग त्यांनी पहिला टच उचलून माझ्यापुढे धरला. "ह्याला घंटीच नाही. म्हणून कोणाचा फोन आला नाही, असंही होत नाही."

एरवी घरात ते अहिराणी बोलायचे, पण टेलिफोन ऑफिसची गोष्ट आली की त्यांची भाषा अशी सरळ, स्वच्छ, ऑफिसातली व्हायची.

सातवा आला तेव्हा मी घरी होते. कुरिअरवाल्या पोराने खोका दिला, सही मी केली. नानांनी तो दोन दिवस उघडलाच नाही, मुलगा त्याबद्दल काही सांगेल म्हणून वाट बघितली असावी. शेवटी मी उघडला. खोका कंपनीचा, सील तसंच. मुलाने तिथूनच मागवून परस्पर इकडे पाठवलेला. दिसायला हुबेहूब सहावा. चालू केला, माझ्या मोबाइलवरून त्याला इंटरनेट दिलं, बरंच काय काय विचारत होता ते भरलं. नानांनी इअरफोन लावले आणि काचेवर बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यात काहीच नाही?"

नव्हतंच काही. सातवा रिकामा आला होता. मी म्हटलं, मी भरून देते की गाणी, त्यात काय! म्हणाले, राहू दे. रविवारी तोही चादरीवर ठेवला जायचा, ओळीत शेवटी, पण त्याच्यावर गाणं वाजत नसे. नाना त्याला नुसते हातात धरून खाली ठेवायचे.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय चौथ्याचं काय झालं ते कळणार नाही. आमच्याकडे खानदेशात श्रावणात, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवायचं, रात्री गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर पोचवून यायचं. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचं, ते दळून त्याचे जाड रोट करायचे, आणि खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. बाहेरच्याला एक तुकडाही द्यायचा नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपले पाहिजेत.

पारोळ्याकडचे नानांचे भाऊबंद आपापली कानबाई बसवत. इकडे नाना एकटे. पण धान्य घेताना ते तीन नावांचं घ्यायचे: स्वतःचं, मुलाचं आणि नातवाचं. रोट स्वतः थापायचे, वाकडेतिकडे, काठाला जळके. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर. आणि मग तीन माणसांच्या नावाचे रोट एकटा माणूस पौर्णिमेपर्यंत खात बसायचा. शेवटी शेवटी दगडासारखे झालेले रोट दुधात भिजवून खायचे. वय काय, दात किती, सगळं मी बघत होते. एका वर्षी त्यांचं पोट इतकं बिघडलं की मीच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. परत येताना मी चांगलंच झापलं त्यांना. म्हटलं, मला दिला असता एखादा, तर देवी काय रागावली असती का?

ते रिक्षाच्या दांडीला धरून बसले होते. म्हणाले, "देवी नाही रागावणार. पण त्याच्या नावाचा तू खाल्ला म्हणजे तो जेवला नाही, हे नक्की झालं ना."

त्यानंतर मी कधी मागितला नाही.

कानबाईच्या रात्री गाणी म्हणायला त्या घरात बाई उरली नव्हती. ते काम चौथा टच करायचा. ज्या श्रावणात मुलगा आला होता, त्या वर्षी त्याने माइक कसा चालतो हे बापाला दाखवण्यासाठी तो कानबाईसमोर ठेवला होता. नानांची बायको आणि गल्लीतल्या बायका गाणी म्हणताहेत, बांगड्या वाजताहेत, मधेच कोणीतरी हसतंय, आणि अगदी शेवटी मुलाचा आवाज: "माय, आखो एक रोट वाढ ना." तिथे संपायचं. नाना चौरंगाजवळ चौथा ठेवायचे आणि तो बारीक आवाजात सगळं घर भरून गायचा. मुलाचं ते वाक्य आलं की नाना जेवायला सुरुवात करायचे. मी जिन्यात बसून ऐकायचे. आत बोलवायचे मला, पण मी जिन्यातच बरी असायचे.

चौथा गेला तो उन्हाळ्यात. शाळेला सुट्टी लागायचा आठवडा होता. दुपारी वीज गेलेली, पंखे बंद, भिंतीला हात लावला तर चटका. रविवार नसूनही नाना टच मांडून बसले होते. चौथ्याच्या काचेवर अचानक इंग्रजीत सूचना आली की यंत्र फार तापलं आहे, आधी थंड होऊ द्या. आता, आमच्याकडे वैशाखात जे काही तापतं त्याला एकच इलाज: ओलं फडकं. माठाला गुंडाळतो, पाण्याच्या बाटलीला गुंडाळतो, माणसाच्या डोक्याला गुंडाळतो. नानांनी पंचा भिजवला, चौथ्याला त्यात नीट गुंडाळलं आणि माठाच्या बुडाशी, जिथे पाणी पाझरून सगळ्यात गार असतं तिथे, ठेवून दिलं. चांगला संध्याकाळपर्यंत.

मी शाळेतून आले तर ते माठासमोर पाटावर बसलेले. पंचा मांडीवर, त्यात चौथा. "थंड कर म्हणे," ते मला म्हणाले, "म्हनीसन थंड करं." सांगितलं तसंच केलं होतं त्यांनी.

मला हसू आलं, पण पंचा उलगडला तेव्हा गेलं. मी तो तांदळात पुरला, पुसला, उन्हात नाही पण सावलीत वाळवला. आग्रा रोडवरच्या दुकानात नेला. दुकानदाराने उघडून दाखवलं, आत पाणीच पाणी. म्हणाला, काही निघणार नाही. नाना काउंटरला धरून उभे होते. त्यांनी तो परत मागून घेतला, त्याचे स्क्रूसुद्धा मागून घेतले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. पंचा काय, माठ काय! आणि वाईटही तितकंच वाटत होतं.

मुलाचा पुढचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या कॉम्प्युटरवर ती गाणी असतील, अशी मला फार आशा होती. तो मनापासून हळहळला. तो जुना लॅपटॉप केव्हाच टाकून दिला, म्हणाला. मग म्हणाला, "ताई, ते टच बनवणंच कंपनीने बंद केलंय. सातवा शेवटचा. मी नानांसाठी छान फोन पाठवतो, त्यांना समजावा जरा."

मी खाली जाऊन सांगितलं. समजावलं वगैरे काही नाही, जे आहे ते सांगितलं. नानांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आठवा नाही?"

"नाही नाना."

त्या रविवारी चादर अंथरली गेली नाही. पुढच्याही नाही. कपडे वाळत घालताना मला कोणी हाक मारेना, आणि एवढी वर्षं जिच्यावर चरफडत होते ती हाक ऐकू यावी म्हणून मी मुद्दाम बादली आपटायला लागले.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. नाना वर कधीच यायचे नाहीत. हातात सूप, सुपात गहू आणि हरभऱ्याची डाळ. धापा टाकत उभे राहिले. म्हणाले, चक्की बंद व्हायच्या आत दळण टाकायचंय. "त्याला फोन लाव. विचारायचं शे, त्याचं नाव धरू का नको."

मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला तो नेमका ऑफिसातल्यासारखा, मान ताठ करून, दुसरा हात दुसऱ्या कानावर ठेवून. पलीकडे रिंग जात होती. मला ऐकू येत नव्हती. मी फक्त त्यांचं तोंड बघत होते. तिकडे शनिवारची सकाळ, झोपलेला असेल. नानांनी मोबाइल खाली घेतला आणि सरळ, स्वच्छ भाषेत मला सांगितलं, "उत्तर मिळत नाही."

पुन्हा लावू का विचारलं तर नको म्हणाले. कोपऱ्यातल्या स्टुलावर सूप ठेवून त्यांनी एक सव्वा मूठ एका बाजूला घेतली. मग हात तसाच धान्यात राहिला. शेवटी त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि ते जिना उतरून चक्कीवर गेले.

रविवारी संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली, "पोरी, जेवाले ये." मला ते आजवर बाई म्हणायचे.

चौरंगावर कानबाई बसली होती. नेहमीच्या जागी, तिच्या पायाशी, चौथा ठेवलेला, काच काळी. घरात आवाज म्हणून नव्हता. दोन ताटं वाढलेली. नानांनी टोपलीतला एक रोट उचलून माझ्या ताटात ठेवला. "हा त्याना नावना," म्हणाले. "खाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळलं मी काय विचारतेय. ते म्हणाले, "नक्की झालं ते बरं. एकदाचं." आणि खीर वाढायला लागले.

ज्या रोटासाठी मी कधी भांडले होते तो आता ताटात होता, आणि तुकडा मोडवेना. मोडला. तोंडात घातला. घास फिरत होता तेवढ्यात शेजारी ठेवलेला माझा मोबाइल वाजला. मुलगाच होता. माझ्या तोंडात त्याच्या नावाचा रोट, मला बोलता येईना. नाना डोळे मिटून ती रिंग ऐकत राहिले. वाजू दिली. आता हा फोन बंदच होतो असं वाटलं तेव्हा त्यांनी हात धुतला, पुसला आणि मोबाइल उचलला.

"नाना बोलतो." मग पलीकडचं ऐकत राहिले. "नाही रे, मी बरा शे. काल मीच लावला होता. तुझ्या नावाचा रोट आज या पोरीले दिन्हा, ते सांगायचं होतं. नाही, मी रागमा नाही. पुढल्या वर्षी तुझी मूठ धरायची का, तेवढं सांग."

घर इतकं शांत होतं की त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "नाना, पुढच्या वर्षी... बघतो. नक्की बघतो."

"बरं," नाना म्हणाले.

त्यांनी मोबाइल माझ्याजवळ ठेवला, नीट, काच वर करून. टोपलीतला नातवाच्या नावाचा रोट काढला, गुडघ्यावर धरून मधोमध मोडला आणि निम्मा माझ्या ताटात टाकला.

"पुनीमना आत रोट सराले जोयजे," ते म्हणाले. "तू शे, आते सरी जातीन."